राजदूत ३५० आणि श्रावकाची वही



आजचा विषय स्वयंपाकघरातला नाही आणि देवळातलाही नाही. विषय आहे जुन्या मोटारसायकलचा. हसू नका. तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या घरी मुलगा, पुतण्या किंवा नातू "जुनी गाडी घ्यायचीय" म्हणून मागे लागला असेल. नवी स्वस्तात मिळत असताना चाळीस वर्षांची गाडी लाखांत का घ्यायची, हे आपल्याला कळत नाही. मलाही कळत नव्हते. माझ्या दिरांच्या मुलाने लोणी भापकरमधली एक राजदूत ३५० घ्यायचे मनात आणले, तेव्हा मी त्या गाडीचा इतिहास समजून घेतला. हिशेबाची सवय असल्याने वहीत टिपणे केली. तीच आज तुमच्यासमोर ठेवते.

ही गाडी मुळात जपानची. यामाहा कंपनीने १९७३ मध्ये आरडी ३५० नावाने ती बाजारात आणली. ३४७ सीसीचे, दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर आणि ३९ अश्वशक्ती. त्या काळी मध्यम आकाराच्या गाडीत एवढी ताकद म्हणजे कमालच होती. १९७६ मध्ये यामाहाने तिच्या जागी आरडी ४०० आणली. म्हणजे तिकडे ही गाडी तीन वर्षांत जुनी झाली.

आपल्याकडे ती आली १९८३ मध्ये. ट्रॅक्टर बनवणाऱ्या फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या परवान्याने ती बनवायला घेतली आणि नाव ठेवले राजदूत ३५०. राजदूत हे नाव गावोगाव माहीत होतेच. पोलंडच्या एका गाडीवरून बेतलेली १७५ सीसीची राजदूत दूधवाल्यांची लाडकी होती. बारामती तालुक्याच्या दक्षिणेला नीरा डाव्या कालव्याचे पाणी आणि ऊस. लोणी भापकर मात्र जिरायत पट्ट्यात. पाऊस बेभरवशाचा, म्हणून दुभत्या जनावरांचा आधार. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून कच्च्या रस्त्याने जाणारी राजदूत तिथल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अजून आहे. पण ३५० ही त्या राजदूतची मोठी बहीण नव्हतीच. आडनाव तेवढे एक, बाकी सगळे वेगळे.

भारतात बनताना तिच्यात काटछाट झाली. जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्या गाडीला ड्रम ब्रेक मिळाले. ताकद ३९ वरून ३०.५ अश्वशक्तीवर आली आणि पुढे पेट्रोल वाचावे म्हणून २७ अश्वशक्तीचा दुसरा प्रकारही निघाला. तरीही आपल्या रस्त्यांवर तिच्याइतकी चपळ गाडी त्या वेळी दुसरी नव्हती. पळायला जोरदार, थांबायला तेवढी नाही. त्यामुळे अपघातांची बदनामी तिच्या वाट्याला आली आणि अनेक घरांत आयांनी ती येऊच दिली नाही.

तिला खरे मागे पाडले ते पेट्रोलने. टू-स्ट्रोक इंजिनात नवे पेट्रोल आत येते त्याच वेळी जळलेला धूर बाहेर पडत असतो. दोघांची दारे एकाच वेळी उघडी, म्हणून थोडे पेट्रोल न जळताच धुराबरोबर निघून जाते. दूध उतू जावे आणि गॅसही चालू राहावा, तसा हा प्रकार. शिवाय पेट्रोलबरोबर टू-टी ऑइलही जळते, म्हणून निळसर धूर. नेमके त्याच सुमारास स्वस्तात चालणाऱ्या जपानी गाड्या देशात बनू लागल्या. १९८४ मध्ये इंड-सुझुकी, १९८५ मध्ये हिरो होंडा आणि एस्कॉर्ट्सचीच आरएक्स १००, १९८६ मध्ये आकुर्डीची कावासाकी बजाज. हिरो होंडा तर लिटरला ८० किलोमीटरची जाहिरात करत होती. संसारी माणसाने काय निवडले असेल, हे सांगायला नको. १९८९ च्या सुमारास राजदूत ३५० चे उत्पादन थांबले. पुढे १९९६ आणि २००० च्या प्रदूषण नियमांनी टू-स्ट्रोक मोटारसायकलींचा काळच संपवला.

आता यातली गंमत पाहा. वाणिज्य शाखेत आम्हाला घसारा शिकवला. दरवर्षी उरलेल्या किमतीवर १५ टक्के घसारा धरला, तर १०,००० रुपयांची वस्तू ४० वर्षांनी वहीत फक्त १५ रुपयांची उरते. राजदूत ३५० ने या गणिताला उलटे टांगले. नवी असताना तिला गिऱ्हाईक मिळेना, आज तिच्यासाठी लाखांची बोली लागते. महेंद्रसिंग धोनीसारख्या माणसाने ती आवडीने जपली, त्यानेही मुलांचे वेड वाढले. मग किंमत वाढली ती कशाची? लोखंड तेच, गंजलेले. वाढली ती लोकांची ओढ. आपल्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या मूर्च्छा अशी केली आहे, म्हणजे वस्तू नव्हे तर वस्तूवरची आसक्ती. वहीत १५ रुपये आणि बाजारात लाखो रुपये, या दोन आकड्यांमधला फरक म्हणजेच मूर्च्छा, असे मला वाटले.

वाहनांशी आपल्या समाजाचे वाकडे कधीच नव्हते, हेही सांगते. शेजारच्या इंदापूर तालुक्यात माळावर वालचंदनगर वसवणारे शेठ वालचंद हिराचंद सोलापूरच्या दिगंबर जैन घरातले. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. पुण्याच्या कायनेटिकची १९७२ ची लूना फिरोदियांची, तेही जैनच. लूनावर शिक्षिका शाळेत गेल्या, नर्सबाई दवाखान्यात गेल्या. ही वाहने गरजेसाठी होती. राजदूत ३५० आज कोणाच्याच गरजेची नाही. म्हणून तिच्या बाबतीत श्रावकाला जास्त जागे राहावे लागते.

आणि जागे कसे राहायचे, ते आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात सांगून ठेवले आहे. हजार वर्षांहून जुना ग्रंथ, पण अचौर्याणुव्रताचे अतिचार वाचताना वाटले, हे जुनी गाडी घेणाऱ्यासाठीच लिहिलेत की काय! चौरार्थादान म्हणजे चोरीचा माल घेणे. म्हणून इंजिन नंबर आणि चॅसी नंबर आरसी बुकाशी ताडून पाहायचे, नंबर घासून पुन्हा ठोकलेला दिसला तर उठून यायचे. विलोप म्हणजे राज्याचा कायदा डावलणे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, विमा आणि पीयूसी हवे, १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबर प्लेट हवी. ५० वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेजचा वेगळा नियम आला, पण १९८३ ची राजदूतसुद्धा त्यात २०३३ शिवाय बसत नाही. सदृशसन्मिश्र म्हणजे सारखी दिसणारी हलकी वस्तू मिसळून विकणे. या गाड्यांच्या बाजारात नकली सुटे भाग अस्सल म्हणून खपवणे किती चालते, ते कोणत्याही जुन्या मेकॅनिकला विचारा.

आता आमच्या घरची गोष्ट. लोणी भापकरला आमच्या घरच्यांचे पूर्वी किराणा दुकान होते, त्यामुळे गावाशी नाते आहे. मल्लिकार्जुनाच्या देवळाची पुष्करणी आणि तिथला दगडी वराह पाहायला लांबून लोक येतात. त्याच गावात आमच्या ओळखीच्या एका वहिनींच्या गोठ्यात १९८६ ची राजदूत ३५० पोत्यांखाली उभी होती. त्यांच्या यजमानांनी हौसेने घेतलेली, नंबर अजून जुना, तीन इंग्रजी अक्षरांचा. यजमान जाऊन नऊ वर्षे झाली. शहरातला एक दलाल येऊन "भंगार आहे, चाळीस हजार देतो" म्हणून गेला होता. वहिनींना ते पुष्कळ वाटले होते.

पुतण्याला खरा भाव माहीत होता. त्या स्थितीतल्या गाडीचे दोन लाख सहज होत होते. तो मला म्हणाला, "काकू, मी साठ देतो म्हटलं तरी त्या खूश होतील." ते खरेच होते. त्यात चोरी नाही, खोटे बोलणे नाही, कोणताही कायदा मोडत नाही. व्यापारात याला हुशारी म्हणतात. मी त्याला एवढेच विचारले, "त्यांना भाव माहीत असता तर त्या साठला दिली असती का?" अचौर्याचा पाचवा अतिचार आहे हीनाधिकविनिमान, म्हणजे घेताना जास्त आणि देताना कमी मोजणे. तराजू-मापाची ही गोष्ट आहे, मान्य. पण एकाला भाव माहीत आणि दुसऱ्याला नाही, तर तराजूचे एक पारडे आधीच खाली गेलेले असते.

दोन दिवस तो माझ्याशी नीट बोलला नाही. तिसऱ्या दिवशी लोणीला गेला आणि मोबाइलवर विक्रीच्या चार जाहिराती उघडून वहिनींच्या हातात दिल्या. वहिनींनी मुलीला फोन लावला. मग म्हणाल्या, "पावणेदोन द्या. बाहेरच्याला दोनला दिली असती, पण तो तिची वाट लावेल." पुतण्याजवळ सव्वा लाख होते. उरलेले दिवाळीनंतर द्यायचे ठरले आणि ते कागदावर लिहिले. आधी फॉर्म ३१ भरून गाडी वहिनींच्या नावावर झाली, थकलेली नोंदणी नवी झाली, मग फॉर्म २९ आणि ३० भरून पुतण्याच्या नावावर. खटपट फार झाली, पण पत्नी म्हणून त्यांचे नाव एकदा त्या पुस्तकात लागले, याचे वहिनींना पैशाइतकेच समाधान होते.

घेणे झाले, बाळगणे त्याहून अवघड. परिग्रहपरिमाणाचा पहिला अतिचार आहे अतिवाहन, म्हणजे लोभापायी बैल-घोड्यांना त्यांच्या ताकदीपलीकडे दामटणे. गरजेपेक्षा जास्त वाहने ठेवणे, असाही अर्थ सांगतात. दोन्ही अर्थ इथे लागू पडतात. टू-स्ट्रोक इंजिन फार वेळ ताणले की पिस्टन तापून जाम होतो. आणि आमच्या घरात वाहनांची मर्यादा ठरलेली असल्याने पुतण्याने त्याची नवी मोटारसायकल विकली. ऑफिसला तो आता बसने जातो. त्याच विक्रीतून वहिनींचे उरलेले पन्नास हजार दिवाळीच्या आधीच फिटले.

सूर्यास्तानंतर ती गाडी निघत नाही, कारण दिव्यावर येणारे जीव. चातुर्मासात ती उभीच असते. उभी करताना कार्ब्युरेटरमधले पेट्रोल काढून टाकावे लागते. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा ओढून घेते आणि जुने रबरी भाग खराब करते. ते इथेनॉल काही प्रमाणात उसापासूनही बनते! विस्मय हाही एक अतिचार, म्हणजे दुसऱ्याचे वैभव पाहून चकित होत राहणे. म्हणून दुसऱ्यांच्या चकचकीत राजदूतचे फोटो पाहत बसायचे नाही, असे त्याचे त्यानेच ठरवले आहे. ते किती पाळतो, ते त्याला माहीत.

घरातला मुलगा अशी गाडी मागू लागला, तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच हो पण म्हणू नका. विकणाऱ्याला भाव माहीत आहे का, कागद कोणाच्या नावावर आहेत, ती आल्यावर घरातून काय जाणार, हे तीन प्रश्न विचारा. आमच्याकडे दशलक्षणात उत्तम आकिंचन्याच्या दिवशी प्रत्येकाने आपल्या वस्तूंची यादी लिहायची पद्धत आहे. यंदा पुतण्याने राजदूत त्या यादीत पहिली लिहिली आणि समोर किमतीच्या रकान्यात पावणेदोन लाख लिहिले, पंधरा रुपये नाही. मी तो आकडा तसाच राहू दिला. आसक्ती किती आहे ते आधी खरे लिहावे, कमी करणे पुढच्या वर्षी.

जय जिनेंद्र.