पाच आणि सहाची घराणी

२५ चा वर्ग ६२५. ७६ चा वर्ग ५७७६. वर्ग कितीही फुगो, शेवटी मूळ संख्या जशीच्या तशी हजर! याला चमत्कार म्हणून सोडून देऊ नये, कारण याचे कूळ काढता येते.

६२५ मधून २५ वजा केले की ६०० उरतात, म्हणजे २५ गुणिले २४. शेवटी दोन शून्ये यायची तर लगतच्या दोन संख्यांच्या गुणाकाराला १०० ने, म्हणजे ४ आणि २५ या दोहोंनी, भाग गेला पाहिजे. लगतच्या संख्यांना एकाहून मोठा सामाईक विभाजक नसतो. म्हणून वाटणी सरळ होते: २५ एकीच्या वाट्याला, ४ दुसरीच्या. २५ ने नि:शेष भाग जाणारी, पण ४ ने भागल्यावर १ बाकी उरणारी संख्या शोधा, २५ मिळते. अट उलटवा, ७६ मिळते.

भाजक दोन, बाक्या दोन, संख्या काढा: हा प्रश्न आर्यभटाचा. इ.स. ४९९ च्या सुमारास ‘आर्यभटीया’च्या गणितपादात त्याने ज्या प्रश्नाची रीत दिली, तोच हा. पुढे ती ‘कुट्टक’ म्हणून रूढ झाली. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त तिच्यावर वेगळे प्रकरण लिहिले.

पाचाचे घराणे ५, २५, ६२५, ९०६२५, ८९०६२५ असे डावीकडे वाढते. सहाचे ६, ७६, ३७६, ९३७६ असे. जोड्यांची बेरीज पाहा: २५ आणि ७६ मिळून १०१, ६२५ आणि ३७६ मिळून १००१. चार अंकी जोडीत मात्र पाचाचा वारस ०६२५ निघतो, म्हणून त्या घरात खरी चार अंकी संख्या ९३७६ एकटीच.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते या संख्यांचे देवळालीशी असलेले नाते. तिथले शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या नावाच्या संख्या वरवर अगदी वेगळ्या दिसतात: ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. पण ४५ गुणिले ४४ करा. १९८० येतात, आणि त्यांना ९९ ने भाग जातो. १०० च्या जागी ९९ आले, एवढाच फरक. ९९ चे अवयव ९ आणि ११. ४५ कडे ९ गेला, ४४ कडे ११. वाटणी उलटवली की ५५, आणि ३०२५ मधले ३० व २५ मिळून ५५ च. सगळ्या कापरेकर संख्या ९९, ९९९ अशा संख्यांच्या याच प्रकारच्या वाटणीतून येतात, हे डग्लस इयानुची यांनी २००० साली सिद्ध केले. ९९९ च्या, म्हणजे २७ गुणिले ३७ च्या, वाटणीतून २९७ आणि ७०३ ही जोडी निघते.