लाखेचे नाव आणि मोटारीची लकाकी

रायपूर शहराच्या जुन्या भागात ब्राह्मणपारा नावाची वस्ती आहे. छत्तीसगढी बोलीत पारा म्हणजे आळी. तात्यापारा, बुढापारा, कंकालीपारा ही जुन्या रायपुरातील अशीच आणखी काही नावे. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. पुढे माधवराव सप्रे या मराठी भाषक विद्वानाने १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले आणि १९२६ साली रायपुरातच देह ठेवला. याच १९०० साली रायपुराहून धमतरीकडे अरुंद रुळांची छोटी रेल्वे धावू लागली. दक्षिणेकडील अरण्यांत मिळणाऱ्या मालाला तिने शहराची वाट मोकळी करून दिली. त्या मालात लाकूड होते, हिरडा होता, आणि लाखही होती. जुन्या मोटारगाड्यांच्या रंगाचा व लकाकीचा इतिहास सांगावयाचा, तर त्याचा आरंभ डेट्रॉइटच्या कारखान्यांऐवजी या लाखेपासून करणेच उचित होय.

पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या कोवळ्या डहाळ्यांवर एक अतिसूक्ष्म किडा वस्ती करतो आणि स्वतःभोवती राळेसारखा पदार्थ स्रवतो. तीच लाख. डहाळ्यांवरून खरवडून, धुऊन, वितळवून आणि गाळून तिची पातळ पापुद्र्यांची चपडी बनते. भारतात पिकणाऱ्या लाखेचा मोठा वाटा आजही छत्तीसगड आणि झारखंड याच दोन राज्यांतून येतो. संस्कृतातील 'लाक्षा' या शब्दाने देशोदेशी प्रवास केला. फारसी-अरबीतून तो पोर्तुगिजांकडे गेला, आणि त्यांच्या 'लाक्रे' या शब्दातून इंग्रजीतील 'लॅकर' जन्मास आला. म्हणजे मोटारीच्या रंगाला जगभर जे नाव मिळाले, त्याचे मूळ महाभारतातील लाक्षागृहाच्याच शब्दात आहे.

लकाकी ही घासण्यातून जन्मते, हे ज्ञानही या देशात जुनेच आहे. सावंतवाडीचा कारागीर लाकडी खेळणे चरकावर धरून फिरवितो आणि त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवितो. घर्षणाच्या उष्णतेने लाख मऊ होऊन लाकडावर पसरते. मग केवड्याचे पान दाबून धरले की पृष्ठभागाला आरशासारखा उजाळा येतो. पान किती जोराने दाबावे आणि केव्हा उचलावे, हे त्याचा हात जाणतो. मोटारीच्या रंगाला उजाळा देणाऱ्याची सारी विद्या याच जाणिवेवर उभी आहे.

पहिल्या मोटारी वस्तुतः घोडागाड्यांच्याच वारसदार होत्या. त्यांची लाकडी अंगे बग्ग्या बांधणाऱ्या सुतारांनी घडविली आणि बग्ग्या रंगविणाऱ्यांनीच रंगविली. जवसाचे तेल आणि झाडांची राळ यांपासून केलेले व्हार्निश कुंचल्याने लावावयाचे, ते वाळण्याची वाट पाहावयाची, ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाच्या भुकटीने ते घासावयाचे, आणि पुन्हा नवा थर द्यावयाचा, असा तो क्रम असे. एक गाडी पुरी होण्यास कित्येक आठवडे लागत. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्याला इतका धीर परवडणारा नव्हता. १९१४ पासून १९२५ पर्यंत त्यांच्या 'मॉडेल टी' गाड्या केवळ काळ्या रंगात निघाल्या. पुढे ड्यू पाँ कंपनीने 'ड्यूको' नावाचे नवे लॅकर सिद्ध केले आणि जनरल मोटर्सने १९२४ च्या आपल्या 'ओकलंड' गाड्या त्याने रंगविल्या. हे लॅकर फवाऱ्याने मारता येई आणि आठवड्यांचे काम तासांवर येई. गंमत अशी की, या लॅकरमध्ये लाखेचा अंशही नव्हता. कापसासारख्या तंतूंवर नत्राम्लाची प्रक्रिया करून ते बनत असे. लाखेचे नाव तेवढे मोटारीवर चढले. लाख अरण्यातच राहिली.

शंभर वर्षांनी अशी गाडी एखाद्या गोदामात सापडते, तेव्हा तिच्या रंगावर काळाचा धूसर पडदा असतो. तो दूर करणे म्हणजे नेमके काय करणे, हे समजून घेतले पाहिजे. ऊन, धूळ आणि पाऊस यांनी रंगाचा वरचा थर निर्जीव होतो आणि त्यावर असंख्य बारीक ओरखडे उठतात. प्रकाश त्या ओरखड्यांवर विखुरतो, म्हणून रंग मलूल दिसतो. पॉलिशमधील सूक्ष्म कण ओरखड्यांच्या कडा झिजवून पृष्ठभाग सपाट करतात आणि प्रकाश पुन्हा सरळ परत येऊ लागतो. म्हणजे पॉलिश करण्याने रंगात भर पडत नाही. त्यातला काही भाग वजा होतो. भर घालते ते मेण, आणि ते काही महिन्यांत उडून जाते.

ही वजाबाकी जुन्या गाडीवर डोळ्यांना दिसते. अलीकडच्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक थर असतो. जुन्या गाड्यांवर तो नसे. त्यामुळे तांबड्या गाडीवर फडके फिरविले की फडके तांबडे होते. आजच्या गाडीवरील सर्व थरांची जाडी सुमारे १०० ते १५० मायक्रॉन भरते, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा धरला जातो. दोन केसांएवढ्या त्या जागेत सारी शोभा सामावलेली असते. म्हणून जाणता कारागीर प्रथम गाडी धुऊन घेतो, रंगाची जाडी मोजतो आणि एका कोपऱ्यात लहानशा जागेवर प्रयोग करून पाहतो. चाकांवरील मडगार्डच्या कडा आणि बॉनेटचा कणा येथे रंग सर्वांत पातळ असतो; तेथे तो यंत्र बाजूस ठेवतो आणि हातानेच काम करतो. जुन्या रंगांत शिसे असू शकते, म्हणून घासताना पाणी वापरून तो धूळ उडू देत नाही.

खरा प्रश्न मात्र याच्या पुढचा आहे. गाडी किती चमकावी? अनेक जीर्णोद्धारित गाड्यांवर आज असा झगझगाट असतो, की त्या कारखान्यातून बाहेर पडल्या त्या दिवशीही तशा दिसत नव्हत्या. मालक सुखावतो, प्रेक्षक थक्क होतो. परंतु गाडीच्या अंगावर लांब केसांच्या बारीक कुंचल्याने एका दमात ओढलेली ती सोनेरी रेघ पुसली गेलेली असते. ती ओढणाऱ्या अनाम कारागिराची दुसरी कोणतीही सही उरलेली नसते. नवा रंग हवा तेव्हा देता येतो; मूळ रंग एकदा गेला की कोणत्याही मोलाने परत येत नाही.

हा विचार आता जगाने मान्य केला आहे. जुन्या वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिसची सनद झाली. तिच्याच धर्तीवर जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने ट्यूरिनची सनद २०१३ मध्ये पुढे मांडली. शक्य तेथे जतन करावे आणि जीर्णोद्धार गरजेपुरताच करावा, असा तिचा रोख आहे. भारतातही जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम झाले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यांत येतात, आणि त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असतात. नागपुरात मोतीबाग येथे २००२ पासून छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. रायपूर-धमतरी मार्गासारख्या अरुंद रुळांचे युग तेथे जपले आहे. कोल्हापुरात विजयादशमीच्या सोहळ्यास छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते, तेव्हा वृद्ध माणसे नातवंडांना तिच्याकडे बोट करून दाखवितात. आपल्या लहानपणी पाहिलेली गाडी हीच, असे त्यांना सांगता येते, यातच तिचे मोल आहे.

लाख गोळा करणारा जाणता माणूस झाडावरील सर्व लाख कधीच काढीत नाही. पुढील पिकाचे बीज म्हणून काही डहाळ्या तो तशाच राखतो. रायपूरच्या आसपासच्या अरण्यांत ही रीत आजही चालते. जुन्या गाडीसमोर फडके घेऊन उभ्या राहणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले, तर पुढच्या पिढीला नुसती चमक मिळणार नाही, त्या गाडीचा मूळ रंगही मिळेल.