गावराणी पऱ्हाटी कशावरून ओळखायची?

हदगावच्या आमच्या रानात यंदा धुऱ्याला दोन पऱ्हाट्या आपोआप उगवल्या. पानं खोल चिरलेली, बोटासारखी. शेजारचे तात्या म्हणले, "गावराणी हाय, सरकी धरून ठेव." मी बी हरखलो. फूल उमललं ते दुधाळ, दुसऱ्या दिवशी गुलाबी. अमेरिकनच निघाली. चिरक्या पानाची अमेरिकन बी असते, हे ध्यानात नव्हतं.

गावराणीचं फूल पिवळं, पाकळीच्या बुडाला लालजर्द ठिपका. बोंड बारीक, टोकदार, खाली मान घातलेलं, बहुतेक तीन कप्प्यांचं. अमेरिकनचं गोल, चार-पाच कप्प्यांचं. पण रंगावर बी लई भरवसा नको. शंभरेक वर्षांमागं वऱ्हाडात 'रोझियम' नावाचा देशी कापूस पसरला, त्याचं फूल पांढरं! धागा आखूड, जाडा, पण जिनात रुई जास्त निघायची. शेतकऱ्यानं तोच पेरला अन् लांब धाग्याची जुनी बनी मागं पडली. त्याला दोष कसा द्यावा? पैसा वजनावर मिळायचा.

असली भेसळ गावराणीत शिरू नये म्हणून निजामाच्या राज्यात कायदाच होता. नांदेड-परभणीची गावराणी देशी कापसात लांब धाग्याची, तिचं नाव बाजारात राखायचं होतं.

खरी खूण बोंडाभोवतीच्या तीन हिरव्या पानांत आहे. गावराणीत ती लांबट तिकोनी, बोंडाला चिकटून, टोकाला दोन-चारच दाते. अमेरिकनमध्ये कडेला लांब-लांब दाते, फणीसारखे. रोझियमचं फूल पांढरं असलं तरी ही पानं देशीचीच.

देशीत गुणसूत्रं २६, अमेरिकनमध्ये ५२. म्हणून शेजारच्या परागानं गावराणी सहसा बाटत नाही. सरकी मिसळते ती जिनात अन् आपल्याच घरातल्या पोत्यात.

१९७० साली सुरतेहून एच-४ आला, १९८० नंतर आपल्या नांदेडच्याच केंद्रातून एनएचएच-४४, अन् २००२ ला बीटी. ज्या केंद्रानं गावराणीचे वाण सुधारले, त्याच्याच संकरित वाणानं तिची जागा घेतली. उत्पन्न वाढलं, हे खोटं नाही. पण तुडतुड्याला दाद न देणारी, कोरडवाहूत टिकणारी पऱ्हाटी धुऱ्याला बी उरली नाही.

कुणाकडं पिवळ्या फुलाची असंल तर फोटो टाका. पानाचा नको, बोंडाचा, जवळून.