अ‍ॅलर्जी: टेस्ट, पथ्य की गोळी?

सकाळी उठल्या उठल्या दहा-बारा शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांना खाज. ताप नाही, पण महिनोन्महिने हेच. ही बहुधा साधी सर्दी नसून नाकाची अ‍ॅलर्जी असते. आपल्याकडे तिचं नेहमीचं कारण म्हणजे गादी-उशीत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे डस्ट माइट.

काही पालक माझ्याकडे येतात तेच रक्ततपासणीचा लांबलचक रिपोर्ट घेऊन. गहू, दूध, अंडी, तूरडाळ, सगळ्यांपुढे 'पॉझिटिव्ह'. घरात ते सगळं बंद झालेलं असतं. मुलाचं वजन वाढत नाही आणि शिंका तशाच चालू. पॉझिटिव्हचा अर्थ एवढाच, की शरीराने त्या पदार्थाविरुद्ध आयजीई ही प्रतिपिंडं तयार केली आहेत. तो पदार्थ खाऊन कधीच त्रास झाला नसेल, तर केवळ रिपोर्टमुळे तो सोडू नका. बरेच महिने बंद असेल, तर पुन्हा सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. अन्नासाठीच्या आयजीजी टेस्टवर मात्र पैसेच घालवू नका, ती अ‍ॅलर्जी दाखवत नाही.

टेस्ट कधी करायची? त्रासाच्या माहितीवरून संशय आला असेल आणि उत्तराने उपचार बदलणार असतील, तेव्हा. त्वचेवरच्या प्रिक टेस्टचं उत्तर 15-20 मिनिटांत मिळतं, पण अ‍ॅलर्जीच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद ठेवाव्या लागतात. रक्ततपासणीसाठी ती गरज नाही.

धूळ पूर्णपणे टाळता येत नाही. चादरी-अभ्रे आठवड्यातून एकदा 60 अंश गरम पाण्यात धुवा, कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसा. एवढ्याने थोडा फरक पडेल, पण बहुतेकांना औषध लागतंच. शिंका आणि खाजेवर सेटिरिझिन चालते. झोप येत असेल तर गाडी चालवू नका. नाक सतत चोंदत असेल तर स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे जास्त उपयोगी. 'स्टेरॉइड' शब्दाला घाबरू नका, त्यातला फार थोडा भाग रक्तात जातो. मात्र तो रोज मारावा लागतो आणि पूर्ण गुण यायला दोन आठवडेही लागतात. नाक मोकळं करणारे थेंब पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नका, नाक उलट जास्त चोंदतं.

कोळंबी, शेंगदाणे किंवा एखादं औषध घेतल्यावर अंगावर गांधी, ओठांना सूज, धाप असं झालं असेल, तर तिथे तडजोड नाही: ती वस्तू कायमची टाळा, औषधाचं नाव पाकिटात लिहून ठेवा. पुन्हा तसं झालं तर सेटिरिझिन घेऊन वाट पाहू नका. अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं, लगेच जवळचं हॉस्पिटल गाठा.