मोहाचे फूल आणि घरातली मारहाण

ली तामाहोरी यांचा ‘वन्स वेअर वॉरियर्स’ हा न्यूझीलंडचा चित्रपट १९९४ साली आला. ऑकलंड शहरातल्या एका माओरी कुटुंबाची ही कथा. जेक हेके दारूच्या धुंदीत पत्नी बेथला अमानुष मारहाण करतो. घरी ऊठबस असलेल्या त्याच्याच मित्राच्या अत्याचारानंतर कोवळ्या वयाची ग्रेस आत्महत्या करते, आणि बेथ लेकीचा देह घेऊन आपल्या कुळाच्या गावी जाते. ॲलन डफ यांच्या १९९० सालच्या कादंबरीवर बेतलेल्या या चित्रपटावर एक आक्षेप वारंवार घेतला गेला. माओरींच्या जमिनी कशा गेल्या, हे पडद्यावर जवळजवळ दिसतच नाही. परिणामी व्यसन आणि हिंसा हा त्या समाजाचा स्वभावच वाटू लागतो.

कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्यांविषयी सहज केल्या जाणाऱ्या शेऱ्यांतही हाच दोष आहे. ‘कमावतात आणि पितात’ एवढ्यावर विषय संपतो. त्यामागचा इतिहास मात्र तारखांनिशी सांगता येतो.

कातकरी हे नावच खैरापासून कात काढण्याच्या धंद्यावरून पडले. १८७८च्या वन कायद्याने राखीव जंगलाची चौकट पक्की केली आणि अशा धंद्यांचा पाया खचला. त्याच वर्षी मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. मोहाची दारू घरी गाळणे हा गुन्हा ठरला, आणि मक्तेदाराच्या दुकानातून विकत घेतलेली तेवढी कायदेशीर. १८९२च्या मोह कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध घातले. मोहाचे फूल हे टंचाईच्या दिवसांतले अन्नही होते, हे येथे विसरू नये. उपजीविका हिरावणारा आणि दारूला पैशांत आणणारा, असे दोन कायदे एकाच वर्षी यावेत, हा योगायोग बोलका आहे.

लग्नकार्यात आणि देवकार्यात सामुदायिक असलेले पिणे यापुढे रोकड आणि उधारीशी बांधले गेले. कोळसा आणि वीट भट्ट्यांवर पावसाळ्यात उचल घ्यायची आणि उघडिपीत कुटुंबासह राबून ती फेडायची, या चक्रात दारूचा खर्च कर्जाचाच भाग झाला. १९४९च्या दारूबंदी कायद्यानंतर चोरटी हातभट्टी फोफावली. मोहाची जागा गूळ आणि नवसागराने घेतली.

ठाकरांच्या जीवनावरची गो. नी. दांडेकरांची ‘जैत रे जैत’ ही कादंबरी आणि जब्बार पटेल यांचा त्यावरचा चित्रपट (१९७७) येथे आठवणे अपरिहार्य आहे. त्यातली चिंधी नको असलेल्या नवऱ्याला सोडते आणि नाग्याला निवडते. देज परत करून काडीमोड घेण्याची रीत अनेक आदिवासी समाजांत होती, म्हणून हे धाडस विश्वसनीय वाटते. परंतु घर उचलीत अडकले की बाहेर पडणाऱ्या स्त्रीपुढे भट्टीमालकाचा हिशेबही उभा राहतो. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५चा कायदा तिच्या बाजूचा आहे. पण संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत आणि कोर्टापर्यंत पोचायला रोजगार बुडवावा लागतो.

इतिहासाची ही मांडणी पुरुषाच्या हाताला माफीपत्र देऊ शकत नाही. कायद्यांपूर्वी या घरांत मारहाण नव्हतीच, असे मानणे भाबडेपणाचे होईल. शिवाय त्याच जंगलातून आणि त्याच कर्जातून ती स्त्रीही गेलेली असते, आणि तिने कुणावर हात उगारलेला नसतो. तामाहोरींच्या चित्रपटाचे मोल इथे कळते. रिविया ब्राउन यांच्या पटकथेने बेथला केंद्रस्थानी आणले. पूर्वजांच्या शौर्याची आठवण तिला जेकचे समर्थन करण्यासाठी उपयोगी पडत नाही. त्याला सोडण्याचे बळ ती तिथून घेते.

मराठी साहित्यात आदिवासी स्त्री बहुधा जंगलाच्या पार्श्वभूमीवर येते. भट्टीवरच्या झोपडीत, उचलीच्या हिशेबासह ती फार थोड्या वेळा आली आहे. कर्जत-खालापूरच्या बेथची कथा लिहायची तर १८७८ हे साल आणि तिच्या अंगावरचा वळ, दोन्ही एकाच पानावर यावे लागतील.