वीज गेली तेव्हा

१९५७ साली मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. वॉल्टन लिलेहाय जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया करीत. काही मुलांत टाके घालताना हृदयातील विद्युतसंदेशांच्या वाटेला इजा होई व ठोके मंदावत. ही वाट बरी होईपर्यंत हृदयाला तारेतून सौम्य विद्युतस्पंद द्यावे लागत. पण स्पंद देणारे यंत्र भिंतीतल्या विजेवर चाले. ३१ ऑक्टोबरला शहराची वीज गेली आणि अशा मुलांचे प्राण किती नाजूक दोरीवर टांगले आहेत, हे उघड झाले.

लिलेहाय यांनी तेथील उपकरणे दुरुस्त करणारे अभियंते अर्ल बाकन यांना बॅटरीवर चालणारे यंत्र मागितले. बाकन यांना एका मासिकातले मेट्रोनोमचे, म्हणजे संगीतासाठी ठराविक ताल देणाऱ्या साधनाचे, मंडल आठवले. अशा मंडलात धारित्र भारित होते, रिकामे होते, पुन्हा भारित होते. प्रत्येक फेरीला एक स्पंद. चार आठवड्यांत दोन ट्रान्झिस्टरांची, अंगावर बाळगता येणारी डबी तयार झाली. प्राण्यावर चाचणी झाली आणि दुसऱ्याच दिवशी ती एका बालरुग्णाला लावलेली होती.

तत्त्व जुनेच होते. गरज ओळखणारा डॉक्टर आणि मंडल जाणणारा अभियंता यांची गाठ पडणे महत्त्वाचे ठरले. धारित्राचा पाठ शिकवताना ही डबी वर्गात जरूर सांगावी.