रंगाचे मोल

वाचनयंत्राला रंगीत पडदा हवा का, हा प्रश्न नवा वाटतो; पण त्याचा इतिहास त्या यंत्राच्या इतिहासाला जवळजवळ समांतर आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबमधील संशोधनातून १९९७ साली 'ई इंक' ही कंपनी उभी राहिली. जपानात २००४ साली आलेले सोनीचे 'लिब्रिए' आणि अमेरिकेत २००७ साली आलेले ॲमेझॉनचे 'किंडल' यांना तिचाच पडदा होता. त्यात सूक्ष्म कुप्यांमधले काळे-पांढरे कण विजेच्या भाराने वरखाली होतात आणि बाहेरचा उजेड परावर्तित होऊन अक्षर दिसते. कागदाचा भास होतो तो यामुळेच.

रंगाचा पेच येथेच सुरू होतो. फुजित्सूने २००९ साली जपानात 'फ्लेपिया' हे रंगीत यंत्र वेगळ्या तंत्राने विक्रीस आणले. किंमत लाख येनच्या घरात, आणि सर्व रंगांनिशी एक पान उमटायला सुमारे आठ सेकंद! पुढे ई इंकने २०१० साली 'ट्रायटन' आणि २०२० साली 'कॅलिडो' हे पडदे आणले. दोन्हींत काळ्या-पांढऱ्या पडद्यावर लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांची गाळणी बसवलेली आहे. प्रत्येक ठिपका आपल्या रंगाखेरीजचा उजेड अडवतो, त्यामुळे पांढरे पान राखाडी होते. रेखीवपणाही घटतो. २०२२ सालच्या 'कॅलिडो ३' मध्ये मजकूर इंचाला ३०० ठिपक्यांनी उमटतो, रंगीत चित्र मात्र १५० ठिपक्यांनी. २०२४ साली कोबो आणि किंडल यांनी रंगीत यंत्रे आणली, तरी गाळणी सुटलेली नाही.

छापील पुस्तकानेही रंगाचा खर्च जोखला होता. आपल्या दिवाळी अंकांचेच पाहा: मुखपृष्ठावर दीनानाथ दलालांचे रंगीत चित्र आणि आत बहुतेक पाने काळ्या शाईची. प्रत्येक रंगाची छपाई वेगळी करावी लागे, म्हणून रंग मोजक्या पानांवर येई. परंतु त्या रंगामुळे आतल्या कथेचा कागद काळवंडत नसे. यंत्रात मुखपृष्ठ आणि कथा यांना एकच पडदा असतो. चित्रासाठी बसवलेली गाळणी चित्र नसलेल्या शेकडो पानांवरही राहते. मग समोरचा दिवा वाढवावा लागतो, आणि ज्या विसाव्यासाठी हे यंत्र घेतले तोच उणावतो. देवनागरीचे अनुस्वार, रफार आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या बारीक टंकात वाचणाऱ्याला ही उणीव अधिक जाणवेल, असे आम्हांस वाटते.

म्हणून रंग निरर्थक ठरत नाही. बालपुस्तके, नकाशे, शरीरशास्त्राच्या आकृत्या आणि चित्रकलेचा इतिहास यांत रंग हाच मजकुराचा भाग असतो. तेथे राखाडी पान पत्करावे. कादंबरी, कविता, चरित्र वाचणाऱ्याने मात्र साधा काळा-पांढरा पडदाच घ्यावा. रंगीत पडदा अधिक महाग, म्हणून अधिक चांगला, हा समज वाचकाने बाळगू नये.